बटणाचा फोन की काचेचा?

(राहू, ता. दौंड, जि. पुणे इथं बचत गटांच्या बैठकीत केलेलं भाषण. ज्यांचे अनुभव सांगितले आहेत त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मैत्रिणींनो, मावश्यांनो, आणि दाराशी उभ्या असलेल्या मुलींनो, आधी आत येऊन बसा. आजचं बोलणं तुमच्यासाठीही आहे.

मला बोलावलं ते ‘स्त्रिया आणि कायदा’ या विषयावर. पण मागच्या महिन्याच्या बैठकीत एका वहिनींनी उठता उठता विचारलं होतं, “ताई, नवा फोन घ्यायचाय. बटणाचा घेऊ का काचेचा?” सगळ्या हसल्या, मीही हसले. “ते दुकानदाराला विचारा,” असं म्हणून मी पिशवी उचलली. एसटीत बसल्यावर मात्र मन खायला लागलं. दुकानदाराला विचारा, नवऱ्याला विचारा, पोराला विचारा, हेच तर या बाईला जन्मभर सगळे सांगत आलेत. मी समाजकार्याची पदवी घेतलेली, एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई, आणि मीही तेच सांगून आले. म्हणून आज कायद्याआधी त्या वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. बोलणं संपेपर्यंत आपण कायद्यापाशीही पोचू.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच गटांच्या सचिवांसाठी काचेचे फोन घ्यायला लावले. एकेक फोन दहा हजारांच्या आसपासचा, पैसे गटाच्या बचतीतून. हिशेब फोनवर, फोटो फोनवर, बँकेचा निरोप फोनवर, असं माझं स्वप्न होतं. तीन महिन्यांनी जाऊन पाहिलं तर पाचांतले तीन फोन मुलांच्या हातात होते. एक तर क्रिकेटच्या मॅचसाठी शेतात गेला होता! मला राग आला. मी घरच्यांशी भांडायला निघाले, तेव्हा त्यातल्याच एक मावशी म्हणाल्या, “कुणी हिसकावला नाही गं. मी लिहायला बसले की चुकायचं. पोरगा म्हणायचा, तुला येत नाही, आण इकडं. दहादा आण इकडं झालं, मग मीच देऊन टाकला.”

बायांनो, हे वाक्य मी विसरलेले नाही. बाईच्या हातातून जमीन जाते तेव्हा कागदावर अंगठा तरी लागतो. फोन नुसत्या “आण इकडं” वर जातो. आणि तो जातो त्या ठिकाणाला म्हणतात कीबोर्ड, म्हणजे अक्षरं लिहायची जागा. ती जागा बाईच्या बोटांना ओळखत नसेल तर फोनची पावती कुणाच्या नावावर आहे याला काही अर्थ राहत नाही.

आता तुमची बोटं पाहू. समोर धरा हात. लाजू नका.

भीमा आणि मुळा-मुठेच्या मधला हा आपला पट्टा उसाचा आणि गुऱ्हाळांचा. पाचटानं चिरलेली बोटं, खुरप्यानं घट्टे पडलेली बोटं, कांदा लावून भेगाळलेली बोटं. काचेच्या फोनचं काम कसं चालतं ते समजून घ्या. त्या काचेखाली विजेचं अगदी बारीक जाळं असतं. आपली कातडी थोडी वीज ओढून घेते, म्हणून बोट टेकलं की फोनला कळतं की इथं स्पर्श झाला. कातडी कोरडी, जाड, घट्ट्याची असेल तर हा स्पर्श नीट पोचत नाही. हात ओला असेल, पीठ लागलेलं असेल, तर भलतीकडेच पोचतो. म्हणजे “मला येत नाही” असं जे तुम्ही म्हणता, ते बऱ्याच वेळा खरं नसतं. तुम्हाला येतं. कष्ट करून करून बोटं अशी झाली आहेत, आणि ती काच मऊ बोटांसाठी केलेली आहे. रेशन दुकानात अंगठ्याचा ठसा उमटत नाही, तेव्हाही आपण ओशाळतो. ओशाळायचं कारण काय? रेषा झिजल्या त्या कामानं झिजल्या.

बटणाचं तसं नाही. बटण दाबलं की दबतं, आणि दबलं हे बोटाला कळतं. घट्टा असो, भेग असो, ओला हात असो. अंधारात, पदराखाली, न बघतासुद्धा बटण सापडतं. बहुतेक फोनवर पाचच्या आकड्यावर एक बारीक उंचवटा असतो, घरी जाऊन चाचपून पाहा. तो आंधळ्या माणसाला जसा उपयोगी, तसाच भ्यालेल्या माणसालाही.

भ्यालेल्या माणसाची गोष्ट सांगते.

एक बाई माझ्याकडे आली. गुऱ्हाळावर कामाला होती. सातवी शिकलेली, अक्षर वळणदार. नवऱ्यानं मारलं होतं, ते पहिल्यांदा नव्हतं. तिच्याजवळ अर्ज होता, पुतण्यानं फोनवर लिहून, छापून आणलेला. तिनं सही केली होती. मी वाचला. त्यात लिहिलं होतं, “पती-पत्नीमध्ये किरकोळ वाद झाला असून समज देण्यात यावी.” मी तिला वाचून दाखवलं. ती गप्प बसली. मग म्हणाली, “मी तर त्याला सांगितलं, उसानं मारलं, दोनदा मारलं, पोरीपुढं मारलं. त्यानं हे कुठून आणलं?”

पुतण्या दुष्ट नव्हता. घराची अब्रू सांभाळत होता. पण अब्रू सांभाळताना त्यानं ‘मारलं’ हा शब्द काढून टाकला, आणि तो शब्द गेला की अर्जातून बाईच गेली. २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा कायदा झाला, २००६ च्या ऑक्टोबरपासून तो लागू आहे. त्यात मारहाण आहे, मानसिक छळ आहे, पैशाची कोंडी आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. पण या सगळ्याची सुरुवात होते ती बाईनं आपल्या शब्दांत काय झालं ते सांगण्यानं. ते शब्द दुसऱ्यानं लिहिले की कायदा दुसऱ्याचं ऐकतो.

मी तिला माझा फोन दिला आणि म्हटलं, तू लिही. ‘मला’ लिहायला गेली तर ‘मळा’ झालं. ‘मारलं’ लिहायला गेली तर फोननं आपल्याच मनानं वेगळा शब्द घातला. चौथ्या वेळी तिनं फोन खाली ठेवला. “ताई, ही काच माझं ऐकत नाही.” मग तिनं कनवटीला लावलेला स्वतःचा जुना बटणाचा फोन काढला. एकेका बटणावर चार-पाच अक्षरं, ‘घ’ हवा असेल तर तेच बटण पुन्हा पुन्हा दाबायचं. वीस-पंचवीस मिनिटं लागली. तीन वाक्यं झाली. जोडाक्षरं तुटली होती, वेलांट्या चुकल्या होत्या. पण उसानं मारलं, दोनदा मारलं, पोरीपुढं मारलं, हे तीनही त्यात होतं. तो निरोप तिनं मला पाठवला, आम्ही तो जसाच्या तसा कागदावर घेतला, एक वेलांटीसुद्धा दुरुस्त न करता. प्रकरण अजून चालू आहे, निकालाचं मी काही सांगत नाही. पण त्या कागदावर तिचंच म्हणणं आहे.

तुम्ही म्हणाल, ताई, आता तर बोलून लिहिता येतं. खरं आहे. २०१७ पासून मराठीत बोललेलं फोन लिहून देतो. ज्या मावशींना अक्षरओळख नाही त्यांना ही मोठीच सोय आहे, ती जरूर शिका. आमच्या बैठकीचा वृत्तांत मी स्वतः असाच बोलून लिहिते. पण एक प्रश्न विचारते. आपली घरं दोन खोल्यांची. सासू ओसरीवर, नवरा खाटेवर. “मला आज पुन्हा मारलं,” हे फोनला मोठ्यानं सांगायला तुम्ही कुठं जाणार? गोठ्यात? बोलून लिहिणं ही ज्याला आडोसा आहे त्याची सोय आहे. बिनआवाजाचं लिहिता येणं ही बाईची गरज आहे. म्हणून बोलून लिहिता येत असलं तरी बोटांनी लिहायला शिकायचंच.

आता कुणाला वाटेल, ही ताई जुनी बटणंच चांगली म्हणते. तसं नाही. दोन्हीचा हिशेब मांडू, बाजारात मांडतो तसा.

बटणाचा फोन स्वस्त, हजार-दोन हजारांत मिळतो. चार्जिंग दिवस दिवस टिकतं. पडला तर फुटत नाही. आणि मोठा गुण म्हणजे तो पोराला नको असतो! बँकेचा ओटीपी त्यावर येतो. २०२२ पासून साध्या फोनवरूनही ‘यूपीआय १२३पे’नं पैसे पाठवता येतात. संकटाच्या बटणाचा नियम २०१६ साली झाला. त्यात साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा आणि काचेच्या फोनवर चालू-बंदचं बटण तीनदा दाबायचं, असं ठरवलं गेलं. आपल्या फोनवर यातलं काय चालतं ते दुकानात नीट विचारून घ्या. निव्वळ गंमत म्हणून दाबून पाहू नका, फोन ११२ ला लागतो.

पण त्याच फोनवर सरकारी अर्ज भरता येत नाही, सात-बारा बघता येत नाही, ई-पीक पाहणी करता येत नाही. अंगावरच्या वळांचा स्वच्छ फोटो निघत नाही, आणि असा फोटो पुढे पुरावा म्हणून लागतो. काचेच्या फोनवर अख्खी बाराखडी डोळ्यांसमोर मांडलेली असते, अक्षर मोठं करता येतं, चुकलं तर खोडता येतं. ज्या मुलीला पुढे शिकायचं आहे तिला काचेचाच फोन लागेल. प्रश्न इतकाच की ती काच आपल्या हाताला वळवायची कशी.

त्याआधी आणखी एक गोष्ट. लिहिता न येण्याचा दोष दरवेळी आपल्या बोटांचा नसतो. अंगणवाडी सेविकांचं आठवा. २०२१ च्या मार्चमध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आलं. सेविकांना मिळालेले फोन कमी क्षमतेचे, आणि माहिती भरायची ती इंग्रजीत. दहा-दहा वर्षं मराठीत चोख रजिस्टरं लिहिणाऱ्या बायका एका दिवसात अडाणी ठरल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन सरकारला परत करण्याचं आंदोलन केलं. मला त्या आंदोलनाचा फार अभिमान वाटतो. “आम्हाला येत नाही” असं त्या म्हणाल्या नाहीत. “आमच्या भाषेत द्या, चालणारा फोन द्या,” असं म्हणाल्या. पुढे ते मराठीतही आलं. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. म्हणजे पैसे बहिणीचे, पण वाट नवऱ्याच्या फोनमधून! नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायांनी काय करायचं, हे विचारायला आपण तहसीलवर गेलोच होतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा सांगते. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास ५४ टक्के जणींकडे स्वतः वापरायचा फोन होता. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या मात्र ३३ टक्केच. फोन असणं आणि त्यावर आपलं काम करता येणं, यांच्यात एवढं अंतर आहे. त्या अंतरात आपली मावशी बसली आहे, “आण इकडं” ऐकत.

आणि अक्षरांचं यंत्र हे बायकांचं काम नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला केडगावला घेऊन जा. आपल्याच तालुक्यातलं केडगाव. तिथं पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात छापखाना होता. बायबलचं मराठी भाषांतर रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलं, साध्या बाईला कळेल अशा मराठीत. त्याचे खिळे जुळवले ते तिथल्या मुलींनी आणि बायकांनी. त्यांत घरानं टाकलेल्या होत्या, दुष्काळात वाचलेल्या होत्या, बालविधवा होत्या. देवनागरीचे शेकडो खिळे, काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या, सगळं उलटं वाचायचं आणि बोटांनी उचलून ओळीत बसवायचं. रमाबाई १९२२ साली गेल्या, ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. धर्म कुठलाही असो, मला त्या बोटांशी काम आहे. शंभर वर्षांपूर्वी इथून जवळच बायकांच्या बोटांनी हजारो ओळी जुळवल्या. तुमच्या बोटांना तीन ओळी जुळवता येणार नाहीत?

तर मैत्रिणींनो, फोन घ्यायला जाल तेव्हा काय करायचं ते लिहून घ्या.

पहिलं, स्वतः जा. मैत्रिणीला सोबत घ्या. पोराला न्यायचं तर पिशवी धरायला न्या, निवड करायला नको.

दुसरं, फोन हातात घेऊन तिथंच चार शब्द लिहा. स्वतःचं नाव, गावाचं नाव, ‘दुसऱ्या’ आणि ‘स्त्री’. ‘स्त्री’ या एका अक्षराला स, पायमोड, त, पायमोड, र आणि वेलांटी, एवढी सहा ठिकाणं लागतात. ती सापडली तर बाकी मराठी येईल. ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होत असेल किंवा ‘ळ’ सापडत नसेल, तर बहुधा हिंदीची पाटी लावलेली असते. मराठीची लावून मागा. २०१६ साली भारतीय मानक ब्यूरोनं भारतीय भाषांतल्या लिखाणाचं मानक ठरवलं आहे. मराठी मागणं म्हणजे मेहरबानी मागणं नाही.

तिसरं, अक्षरांच्या पाटीची उंची वाढवून मागा, म्हणजे अक्षरं मोठी आणि लांब लांब होतात. बोट टेकलं की फोन हलकासा थरथरेल अशी सोय असते, ती चालू करा. बटण दबल्यासारखं वाटतं, हात धीट होतो. काचेवर जाड संरक्षक काच लावू नका, स्पर्श आणखी मंदावतो. घट्ट्याचं बोट चालत नसेल तर करंगळी वापरा, नाही तर रबरी टोकाची फोनची कांडी मिळते ती घ्या. आमच्या एक आज्जी कांडीनं लिहितात, आणि पाटीवर लिहिल्यासारखं सुबक लिहितात.

चौथं, रॅम ४ जीबीपेक्षा कमी नको. नाही तर अक्षर दाबलं की फोन विचार करत बसतो आणि आपण पुन्हा दाबतो. मग चुकलं आपलंच म्हणतात.

पाचवं, गटाच्या सचिवांसाठी. पानभर वृत्तांत लिहायचा तर फोनला जोडायचा वेगळा कीबोर्ड मिळतो, साधारण हजार रुपयांत. ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची मांडणी शिका. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, क-ख-ग-घ शेजारी शेजारी. शाळेत शिकलेल्या वर्णमालेला ती धरून आहे, इंग्रजी स्पेलिंग यावं लागत नाही. पण विकत घेण्याआधी तो तुमच्या फोनवर मराठी उमटवतो का, हे जोडूनच पाहा. काही ठिकाणी नुसतं इंग्रजी उमटतं.

सहावं, आणि हे नीट ऐका. काचेच्या फोनची पाटी तुमचे शब्द लक्षात ठेवते. तुम्ही ‘वकील’, ‘पोलीस’, ‘माहेरी’ असे शब्द वरचेवर लिहिले, तर दुसऱ्यानं फोन घेऊन लिहायला सुरुवात केली की तेच शब्द वर सुचवले जातात. निरोप खोडला तरी शब्द चुगली करतो. सुचवलेल्या शब्दावर बोट दाबून धरलं की तो काढून टाकता येतो, आणि सगळे शिकलेले शब्दही पुसता येतात. ते कसं, हे बैठक संपल्यावर एकेकीला दाखवते. ज्या घरात भीती आहे तिथं मी अजूनही सांगते, बटणाचा एक वेगळा फोन, स्वतःच्या नावाचं सिम, आणि ११२ व १८१ हे दोन नंबर पाठ.

आता त्या वहिनींचं उत्तर. त्या समोरच बसल्या आहेत. वहिनी, बटणाचा घ्या नाही तर काचेचा घ्या, जो तुमच्या बोटांचं ऐकेल तो घ्या. आणि कुणी “आण इकडं” म्हणालं तर म्हणा, “थांब, माझं लिहून होऊ दे.” वेळ लागेल. भाकरी थापायलाही लागला होता. पहिली भाकरी फाटली म्हणून कुणी परात काढून घेतली नाही.

आमच्या त्या तीन फोनांपैकी दोन परत आले. तिसरा अजून शेतात क्रिकेट बघतोय. त्या मावशी पुढच्या बैठकीला तो घेऊन येणार आहेत, तसं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं आहे. पुढच्या बैठकीचं वृत्तांत-लेखन मी करणार नाही. प्रत्येकीनं एक ओळ स्वतःच्या बोटांनी लिहून गटावर पाठवायची. चुका चालतील. दुसऱ्यानं लिहिलेली चालणार नाही.